मोळी आणि कुऱ्हाड : एका रोमन दंडचिन्हाच्या अर्थनिर्णयाविषयी

१

'फास्केस' हा लॅटिन शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला तो आडवाटेने. विसाव्या शतकातील इटलीत उदयास आलेल्या फॅसिझमचे नाव या शब्दाच्या कुळातील आहे, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. या शब्दाचा मूळ अर्थ 'मोळी' असा आहे हे कळले, की मन साहजिकच लहानपणी वाचलेल्या एका गोष्टीकडे धावते. मरणासन्न बाप आपल्या भांडखोर मुलांना बोलावतो. एकेक काठी सहज मोडते, पण बांधलेली मोळी कोणालाच मोडत नाही. तात्पर्य, एकीचे बळ. ही गोष्ट इसापाच्या नावावर सांगितली जाते आणि मराठी शाळेतून शिकलेल्या प्रत्येकाला ती परिचित आहे. परिणामी, रोमन अधिकाऱ्यापुढे वाहून नेली जाणारी काठ्यांची मोळी हे राष्ट्राच्या ऐक्याचे प्रतीक होते, असे विधान विद्यार्थ्यांच्या निबंधांतच नव्हे, तर सामान्य इतिहासग्रंथांतही निःशंकपणे केलेले आढळते.

हे विधान तपासून पाहणे आवश्यक आहे. त्यात केवळ एका जुन्या वस्तूविषयीची चूक असती तर तिची इतकी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु चिन्हाचा अर्थ कसा ठरवावा, असा पद्धतीचा प्रश्न या चुकीच्या मुळाशी आहे. वस्तूच्या आकारावरून अर्थ सुचतो म्हणून तो स्वीकारावयाचा, की ज्या समाजात ते चिन्ह वापरात होते त्या समाजाने ते कसे हाताळले, केव्हा बदलले, कोणापुढे लववले आणि कोणत्या शब्दांनी त्याचा उल्लेख केला हे पाहून तो ठरवावयाचा? दुसरा मार्ग स्वीकारल्यास, लिव्ही, सिसरो, पॉलिबियस, प्लूटार्क, स्वेटोनियस व जेलियस या ज्या ग्रंथकारांच्या आधारे येथे विचार करावयाचा आहे, त्यांचे एकूण साक्ष्य ऐक्याच्या अर्थाला अनुकूल नाही, असे दिसून येते. या ग्रंथकारांच्या लेखी फास्केस हे शिक्षा करण्याच्या अधिकाराचे आणि त्या अधिकाराच्या मर्यादेचे चिन्ह आहे. यातील दुसरा भाग, म्हणजे मर्यादा, हाच विशेष महत्त्वाचा असून ऐक्याच्या अर्थाने नेमका तोच पुसून टाकला आहे.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप. बर्च किंवा एल्म या झाडांच्या छड्या तांबड्या चामडी पट्ट्यांनी एकत्र बांधीत आणि त्यांत एक कुऱ्हाड अशी खोवीत की तिचे पाते बाहेर दिसावे. असा जुडगा डाव्या खांद्यावर घेऊन अधिकाऱ्यापुढे एकामागे एक चालणाऱ्या सेवकास 'लिक्तोर' म्हणत. कॉन्सलपुढे असे बारा लिक्तोर असत. डिक्टेटरपुढे चोवीस असत, असे पॉलिबियस सांगतो. प्रेटर रोमबाहेर अधिकारावर असताना त्याच्यापुढे सहा असत. संख्येवरून अधिकाराची पायरी ओळखावयाची, ही व्यवस्था कोणाही नागरिकाला दुरूनच समजणारी होती.

या चिन्हाचा उगम एट्रुस्कन असल्याचे रोमन स्वतःच मानीत. व्हेटुलोनिया या एट्रुस्कन नगराने बारा फास्केस प्रथम दिले, असे सिलियस इतालिकस हा पहिल्या शतकातील कवी म्हणतो. पुढे १८९० च्या दशकात त्याच व्हेटुलोनिया येथील एका थडग्यात लोखंडी छड्या व दुधारी कुऱ्हाड यांची छोटी प्रतिकृती उत्खननात सापडली. ती इ. स. पूर्व सातव्या शतकातील मानली जाते. लिव्ही आणखी एक परंपरा नमूद करतो. बारा एट्रुस्कन जनांनी मिळून राजा निवडावयाचा आणि प्रत्येक जनाने त्याला एकेक लिक्तोर द्यावयाचा, अशी प्रथा होती व तीवरून बाराचा आकडा आला, असे त्याचे मत आहे. ऐक्यवादी अर्थाच्या बाजूने काही आधार असलाच तर तो एवढाच. परंतु या आधाराचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. येथे एकत्र येतात ते बारा सेवक, मोळीतील छड्या नव्हेत. आणि ते एकत्र येतात ते निवडलेल्या राजाचा हुकूम बजावण्यासाठी. छड्यांच्या बांधणीचा जनांच्या ऐक्याशी संबंध लिव्ही कोठेही जोडीत नाही.

छड्या व कुऱ्हाड ही शोभेची साधने नव्हती, हे लिव्हीच्या दुसऱ्या ग्रंथातील एका प्रसंगावरून स्पष्ट होते. पहिला कॉन्सल ब्रूटस याचे पुत्र हद्दपार राजाला परत आणण्याच्या कटात सापडतात. त्यांना खांबाला बांधले जाते. लिक्तोर प्रथम त्यांना विवस्त्र करून छड्यांनी फटकावतात आणि मग कुऱ्हाडीने त्यांचा शिरच्छेद करतात. बाप आपल्या पदाचे कर्तव्य म्हणून समोर बसून आहे. लोक मुलांकडे पाहण्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत आहेत. मिरवणुकीत जो क्रम बांधलेल्या रूपात दिसतो, म्हणजे बाहेर छडी व आत कुऱ्हाड, तोच क्रम येथे उलगडून प्रत्यक्षात आला आहे. फास्केस म्हणजे आधी फटके, नंतर शिरच्छेद अशा शिक्षेचे घडी करून ठेवलेले विधानच होय. मराठी वाचकाला लिक्तोर समजावून सांगताना भालदार-चोपदारांचा दाखला सहज सुचतो व तो अंशतः योग्यही आहे. परंतु चोपदार वाट मोकळी करतो व वर्दी देतो, तर लिक्तोर हीच कामे करून वेळ पडल्यास जल्लादही होतो. वर्दी देणारा आणि मारणारा हात एकच असणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य आहे.

३

येथवरचा विचार वस्तूपुरता झाला. परंतु वस्तू चिन्ह होते ते तिच्या रूपभेदांमुळे. भाषेत जसे एका प्रत्ययाच्या असण्या-नसण्याने अर्थ बदलतो, तसेच फास्केसच्या बाबतीतही घडते. या रूपभेदांचे एक लहानसे व्याकरणच रोमन परंपरेत आढळते.

पहिला भेद कुऱ्हाडीच्या असण्या-नसण्याचा. रोम नगराला 'पोमेरियम' नावाची एक पवित्र सीमा होती. त्या सीमेच्या आत कॉन्सलच्या फास्केसमध्ये कुऱ्हाड नसे; सीमा ओलांडून सैन्याकडे निघताना ती पुन्हा खोवली जाई. कारण नगरात नागरिकाला 'प्रोवोकातिओ'चा हक्क होता. शब्दशः अर्थ 'पुढे हाक देणे'. अधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध नागरिकाने जनतेला हाक घालावी, असा तो हक्क. हाक घालण्यास जागा असेपर्यंत अधिकाऱ्याने डोके उडविण्याची भाषा बोलू नये, हे कुऱ्हाडीच्या अनुपस्थितीतून सांगितले जाई. मोम्सेन याने रोमन राज्यव्यवस्थेवरील आपल्या एकोणिसाव्या शतकातील महाग्रंथात नगरातील व रणांगणावरील अधिकार यांच्यातील ज्या भेदाला मध्यवर्ती स्थान दिले, तो भेद रोमन नागरिक कायद्याच्या पोथीत वाचण्याआधी रस्त्यावर पाहत होता.

दुसरा भेद उंच धरण्याचा व लववण्याचा. वालेरियस या कॉन्सलने वेलिया टेकडीवर घर बांधण्यास आरंभ केला तेव्हा तो राजा होऊ पाहतो असा संशय पसरला. त्याने सभेत येताना फास्केस लववावयास लावले. अधिकारापेक्षा जनता मोठी आहे हे त्यातून मान्य केले गेले आणि लोक संतुष्ट झाले, असे लिव्ही सांगतो. त्याला 'पुब्लिकोला' हे नाव पुढे मिळाले. सिसरोच्या मते, प्रोवोकातिओचा कायदा संमत होताच कुऱ्हाडी काढून टाकण्याचा हुकूमही यानेच दिला.

येथे एक शंका संभवते. या घटना परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ५०९ मधील. लिव्ही लिहितो तो त्यानंतर सुमारे पाच शतकांनी. वालेरियसच्या नावावर तीन कायदे सांगितले जातात : इ. स. पूर्व ५०९, ४४९ व ३०० मधील. त्यांपैकी शेवटचाच निश्चित ऐतिहासिक मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे. मग या कथांना पुरावा कसे म्हणावे? उत्तर असे की, ५०९ मध्ये काय घडले हा येथील प्रश्नच नव्हे. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळातील रोमन माणूस आपल्या चिन्हाचा अर्थ काय समजत होता, हा प्रश्न आहे. आणि त्यासाठी कथा ही घटनेइतकीच, किंबहुना घटनेहून अधिक बोलकी असते. त्या माणसाला प्रजासत्ताकाचा जन्म सांगावयाचा झाला, तर तो काढलेली कुऱ्हाड व लववलेली मोळी यांच्या द्वारे सांगतो, हे येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

याच व्याकरणाच्या भंगाचे उदाहरण लिव्हीच्या तिसऱ्या ग्रंथात आहे. कायदे लिहिण्यासाठी नेमलेल्या दहा जणांच्या पहिल्या मंडळात फास्केस आळीपाळीने एकेकापुढे जात. दुसऱ्या मंडळाने, इ. स. पूर्व ४५० मध्ये, अधिकार हाती घेतला त्या दिवशी दहाही जण प्रत्येकी बारा लिक्तोर घेऊन आले. एकशेवीस लिक्तोरांनी फोरम भरून गेला आणि त्यांच्या जुडग्यांत कुऱ्हाडी होत्या. आपल्या पदाविरुद्ध प्रोवोकातिओ नाही, मग कुऱ्हाड काढण्याचे प्रयोजन काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. लिव्हीला जुलमाचे वर्णन करण्यासाठी अद्याप एकही अत्याचार सांगावा लागलेला नाही. संख्या वाढली व कुऱ्हाड आत आली, एवढ्यानेच वाचकाला सर्व कळते. पहिल्या डिक्टेटरच्या नेमणुकीच्या वेळीही, त्याच्यापुढे कुऱ्हाडी दिसताच सामान्य जनांत मोठी भीती पसरली, असे तो म्हणतो. पहिल्या दोन कॉन्सलांपैकी एका वेळी एकाकडेच फास्केस ठेवण्याचे कारणही त्याने दिले आहे : दहशत दुप्पट झाली असे दिसू नये. 'दहशत' हा शब्द येथे अनुवादकाचा नाही. लिव्ही 'तेर्रोर' हाच शब्द वापरतो. ऐक्याच्या प्रतीकाविषयी कोणी असे लिहिले नसते.

४

शब्दांची साक्षही याच दिशेची आहे. ग्रीक लेखकांपुढे रोमन पदनामांचे भाषांतर करण्याचा प्रश्न होता. पॉलिबियस प्रेटरला 'हेक्सापेलेकिस' म्हणतो, म्हणजे 'सहा कुऱ्हाडींचा' सेनानी. कॉन्सल व डिक्टेटर यांच्यातील फरकही तो बारा व चोवीस कुऱ्हाडी असाच मांडतो. लॅटिन भाषेने या चिन्हाचे नाव बाहेरच्या मोळीवरून ठेवले, ग्रीक लेखकाने पद मोजले ते आतील कुऱ्हाडीवरून. हा केवळ निवडीचा योगायोग मानता येईल. तथापि ग्रीक जगाला रोमन अधिकारी भेटत असे तो पोमेरियमच्या बाहेर, म्हणजे कुऱ्हाड खोवलेल्या स्थितीत, हेही विसरून चालत नाही. ज्याला कुऱ्हाड काढलेली पाहण्याचा हक्क नव्हता, त्याच्या भाषेत ती पदनामातच जाऊन बसली. लिक्तोरला ग्रीकमध्ये 'राब्दूखोस', म्हणजे 'काठी धरणारा', म्हणत. नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पी येथील सेवकांसाठी हाच शब्द आला आहे.

'लिक्तोर' या शब्दाची व्युत्पत्ती प्राचीनांतच विवाद्य होती. जेलियसने दोन मते दिली आहेत. वाल्जियसच्या मते हा शब्द 'लिगारे', म्हणजे 'बांधणे', या धातूपासून आला, कारण फटके मारण्यापूर्वी अपराध्याचे हातपाय बांधीत. सिसरोचा मुक्त दास तिरो याने तो या सेवकांच्या कमरेच्या वस्त्राच्या नावाशी जोडला. जेलियसचा कौल पहिल्या मताला आहे आणि त्यासाठी तो 'लेगेरे' पासून 'लेक्तोर' अशी सादृश्ये देतो. आधुनिक दृष्टीने यात अडचण आहे : 'लिगारे' या पहिल्या गणातील धातूचे नियमित कर्तृवाचक रूप 'लिगातोर' असे व्हावे, जेलियसने दिलेला सादृश्याचा धातू मात्र तिसऱ्या गणातील आहे. म्हणून ही व्युत्पत्ती निर्विवाद म्हणता येत नाही. परंतु प्रस्तुत विवेचनाला व्युत्पत्ती खरी असण्यापेक्षा ती रोमनांना खरी वाटणे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्या कानाला या शब्दात 'बांधणे' ऐकू येत होते आणि ते बांधणे अपराध्याचे होते. प्लूटार्कही रोम्युलसच्या चरित्रात, हे सेवक माणसांना बांधण्यासाठी वाद्या बाळगीत, असे सांगतो. लिक्तोरला दिलेली रूढ आज्ञाही हात बांधण्याचीच होती. मोळीच्या बांधणीतून सलोखा सुचावा, असा हा शब्दसंसार नाही.

याहून सूचक आहे तो 'आनिमादव्हेर्तेरे' हा धातू. मूळ अर्थ 'मन वळवणे, लक्ष देणे'. अधिकारी येत असता लोकांनी त्याची दखल घ्यावी म्हणून लिक्तोर जी आज्ञा करी ती याच धातूने; आणि अधिकाऱ्याने कोणाची 'दखल घेतली' असे त्याच धातूने म्हटले की त्याचा अर्थ शिक्षा, पुष्कळदा देहान्ताची शिक्षा, असा होई. लोकांनी सत्तेकडे लक्ष द्यावे. नाही तर सत्ता त्यांच्याकडे लक्ष देईल. मराठीतही 'दखल घेणे', 'बघून घेणे' या प्रयोगांत अशी छटा डोकावते, पण लॅटिनमध्ये ती कायद्याची परिभाषाच बनली.

असे दिसते की चिन्ह जे उघड दाखवीत होते, ते भाषा झाकीत होती. याची परिसीमा नीरोच्या अखेरीत पाहावयास मिळते. इ. स. ६८ मध्ये सेनेटने त्याला शत्रू ठरवून 'पूर्वजांच्या रीतीप्रमाणे' शिक्षा फर्मावली, तेव्हा ही रीत कोणती, असे त्याने विचारले, असे स्वेटोनियस लिहितो. अपराध्याला नागवे करून, मान दुबेळक्यात अडकवून, मरेपर्यंत छड्यांनी मारतात, असे कळल्यावर तो भयभीत झाला. चौदा वर्षे ज्याच्यापुढे छड्या चालत होत्या, त्याला त्या छड्यांचा अर्थ विचारावा लागला. चिन्ह रोज डोळ्यांपुढे असूनही त्याचा अर्थ विसरता येतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

५

चिन्हाचे सामर्थ्य पाहणाऱ्याच्या मान्यतेवर अवलंबून असते, याचीही रोमन ग्रंथकारांना स्पष्ट जाणीव होती. इ. स. पूर्व ४७३ मध्ये वोलेरो पुब्लिलियस या सामान्य नागरिकाला पकडण्यासाठी कॉन्सल लिक्तोर पाठवतात. या प्रसंगाच्या आरंभी लिव्ही लोकांच्या मनातला विचार सांगतो, तो असा : दोन्ही कॉन्सलांचे मिळून लिक्तोर चोवीसच, आणि तेही सामान्य कुळांतले, कोणी तुच्छ लेखले तर याहून दुबळे काही नाही, त्यांना भयंकर बनवतो तो ज्याचा त्याचा भयग्रस्त स्वभाव. वोलेरो जनतेला हाक घालतो. लिक्तोरांना मार बसतो, फास्केस मोडले जातात आणि कॉन्सलांना फोरममधून सेनेटच्या सभागृहाकडे पळावे लागते. पुढे इ. स. पूर्व ५९ मध्ये, सीझरच्या जमीनविषयक कायद्याच्या वेळी, त्याचा सहकारी बिबुलस याचेही फास्केस जमावाने मोडले. शालेय गोष्टीत मोळी मोडत नाही. रोमच्या इतिहासात ती मोडते, आणि ती मोडणारे लोक एकत्र आलेले असतात. ऐक्य मोळीच्या बाजूला नसून तिच्या समोर उभे होते, असे येथे म्हणणे भाग पडते.

इ. स. पूर्व ४५ मधील प्रसंग याचेच सौम्य रूप आहे. सीझरच्या मर्जीने तीन महिन्यांसाठी कॉन्सल झालेला क्विंतस माक्सिमस नाट्यगृहात शिरला. लिक्तोरने रिवाजाप्रमाणे त्याची दखल घेण्याची आज्ञा केली. तो कॉन्सल नव्हेच, असे प्रेक्षक एकमुखाने ओरडले. छड्या होत्या, लिक्तोर होता, सूत्रवचनही होते. नव्हती ती फक्त मान्यता.

तथापि हे चित्र एकांगी होऊ नये. ज्या मर्यादेचे येथे कौतुक केले जाते तिची फळे सर्वांना मिळत नव्हती. इ. स. पूर्व ३०० मधील वालेरियसच्या कायद्याने, हाक घातलेल्या नागरिकाला छड्या मारण्यास व त्याचा शिरच्छेद करण्यास मनाई केली; पण मनाई मोडणाऱ्याला शिक्षा एवढीच की त्याचे कृत्य 'दुष्टपणाचे' मानले जावे. खरी शिक्षा लावली ती पुढील पोर्सियन कायद्यांनी. सुमारे इ. स. पूर्व ११० मध्ये त्याच कुळातील एका अधिकाऱ्याने पाडलेल्या नाण्यावर अधिकारी, नागरिक व छड्या घेतलेला सेवक दाखवून खाली 'प्रोवोको', म्हणजे 'हाक घालतो', एवढाच शब्द कोरला आहे. छड्यांना उत्तर देणारा शब्द नाण्यावर यावा, इतका त्याचा अभिमान होता.

परंतु हा शब्द नागरिकाचा होता. प्रांतांतील परक्या प्रजेला तो उपलब्ध नव्हता. सिसिलीचा सुभेदार वेरेस याच्यावर इ. स. पूर्व ७० मध्ये खटला भरणाऱ्या सिसरोने आपल्या प्रसिद्ध केलेल्या भाषणांत दोन चित्रे दिली आहेत. एकात गावियस नावाचा रोमन नागरिक मेस्साना येथील चौकात छड्या खात असता आपण रोमन नागरिक आहोत एवढेच म्हणत राहतो. त्याला सामुद्रधुनीपलीकडे इटली दिसेल अशा जागी क्रुसावर चढवले जाते. दुसऱ्यात सिसिलियन नाविक अधिकारी मृत्यूची वाट पाहत आहेत, आणि वेरेसचा लिक्तोर सेक्स्तियस त्यांच्या आईबापांकडून, एकाच घावात काम संपवण्यासाठी, पैसे घेत आहे. पहिल्या चित्राने रोमन श्रोता हादरावा, अशी सिसरोची अपेक्षा आहे, कारण तेथे चिन्हाचे व्याकरण मोडले आहे. दुसऱ्या चित्रात वेरेसचा लोभ व क्रौर्य धिक्कारले आहे. पण त्या सिसिलियनांपुढे कुऱ्हाड असणे हे मात्र व्याकरणाला धरूनच होते. फास्केसने रेखलेली मर्यादा खरी होती. पण ती माणसांमाणसांतून जाणारी मर्यादा होती.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. छड्या बांधलेल्या का असतात, हा प्रश्न एका प्राचीन लेखकाने नेमका याच शब्दांत विचारला आहे. प्लूटार्कच्या 'रोमन प्रश्न' या ग्रंथातील ब्याऐंशीवा प्रश्न हाच. त्याची उत्तरे दोन. अधिकाऱ्याचा राग सुटा व तत्पर असू नये. छड्या सोडवण्यास लागणाऱ्या वेळात राग विलंबतो आणि शिक्षेविषयीचा निर्णय बदलण्यास अवसर मिळतो. शिवाय काही दोष सुधारण्याजोगे असतात, काही नसतात. पहिल्यांसाठी छडी, दुसऱ्यांसाठी कुऱ्हाड. विशेष असा की, ऐक्याची गोष्ट प्लूटार्कला अपरिचित नव्हती. सिथियन राजा स्किलुरस याने ऐंशी पुत्रांपुढे भाल्यांचा जुडगा ठेवून तोच धडा शिकवला, ही कथा त्यानेच अन्यत्र दिली आहे. म्हणजे अर्थ त्याच्या हाताशी होता, प्रश्नही त्यानेच उभा केला होता, आणि तरीही रोमन मोळीला तो अर्थ त्याने लावला नाही. त्याचे स्पष्टीकरण ऐतिहासिक उगम म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. ते एका नीतिचिंतकाचे भाष्य आहे. परंतु बांधणी कोणाची, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर, सत्तेच्या रागाची, हे तिसऱ्या भागात पाहिलेल्या सर्व रूपभेदांशी सुसंगत आहे. जनतेला सत्तेशी बांधणारी ही गाठ नव्हती; सत्तेचा हात बांधणारी ती गाठ होती.

ऐक्याचा अर्थ या चिन्हाला चिकटला तो पुष्कळ नंतर. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९० च्या दशकात, प्रजासत्ताकाच्या अविभाज्यतेचे चिन्ह म्हणून ते वापरले गेले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा १८४१ पासूनचा राजदंड मूळच्या तेरा राज्यांसाठी तेरा काळ्या लाकडी छड्या बांधून केला आहे. त्यावर कुऱ्हाड नसून गरुड आहे. इटालियनमध्ये 'फाशो' या शब्दाला 'संघ' असा अर्थ आला आणि सिसिलीतील १८९० च्या दशकातील श्रमिकांच्या संघटना त्या नावाने ओळखल्या गेल्या. मुसोलिनीने १९१९ मध्ये मिलान येथे आपली संघटना स्थापली ती याच नावाने. १९२६ च्या अखेरीस प्राचीन धाटणीची मोळी इटलीच्या राज्याचे अधिकृत चिन्ह ठरली. तिच्यात कुऱ्हाड होती.

अर्थांतर हे भाषेत नित्य घडते, आणि शब्दाचा वा चिन्हाचा मूळ अर्थ तोच खरा, असा आग्रह कोणी भाषाभ्यासक धरणार नाही. आक्षेप आहे तो नवा अर्थ जुन्यावर लादण्याला, कारण त्यात काय गळाले हे मग दिसत नाही. प्राचीन रोममध्ये कुऱ्हाड आत आली की बाहेर काढली, हा भेद अर्थवाही होता. १९२६ नंतरच्या चिन्हात हा भेदच उरला नाही. टपाल कचेरीच्या दारावर, शाळेच्या भिंतीवर, न्यायालयाच्या कमानीवर कुऱ्हाड कायमची खोवलेली राहिली. तिला पोमेरियम नव्हते. आणि ती पाहणाऱ्याला 'ऐक्य' असा अर्थ शिकवलेला असल्यामुळे, कुऱ्हाड काढावयाची असते, ही आठवणही राहिली नाही. प्राचीनतेच्या पुनरुज्जीवनाचा दावा करणाऱ्या राजवटीने त्या प्राचीन चिन्हाचे व्याकरण टाकून दिले व केवळ आकार उचलला.

मराठीत या शब्दाचे भाषांतर करतानाही हाच विवेक हवा. 'मोळी' म्हटले की सरपण आणि एकीचे बळ आठवते. शिक्षा आठवत नाही. 'दंड' हा शब्द संस्कृत परंपरेत काठी, शिक्षा व शासनसत्ता या तिन्ही अर्थांना सामावून घेतो, आणि कौटिलीय अर्थशास्त्रातील 'दंडनीती' ही संज्ञा याच अर्थयोगावर उभी आहे. आधुनिक मराठी व्यवहारात त्याचा अर्थ बहुतांशी पैशाच्या शिक्षेपुरता आक्रसला असला, तरी 'दंडाधिकारी' सारख्या शब्दांत जुना अर्थ जिवंत आहे. म्हणून 'दंडगुच्छ' हा पर्याय 'मोळी'पेक्षा इष्ट होय. त्यात काठी आहे, शिक्षा आहे आणि बांधणीही आहे. कुऱ्हाड तेवढी त्यात नाही. आणि ज्या नगराच्या आत ती काढून ठेवण्याचा दंडक होता, त्या नगराच्या चिन्हाचे नाव तसे असण्यास हरकत नाही.